आईलाही विचारण्याचा हक्क हवा

दत्तक गेलेल्या लेकराचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा हक्क त्याच्या जन्मदात्या आईला आहे काय? विधी महाविद्यालयात हा प्रश्न मला कोणी शिकवला नाही. तो विचारला आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी. कंत्राटी सफाई कामगार म्हणून त्यांनी सारी उमर घालवली. रविवारी दुपारी घरी आल्या. जयभीम घातला, पाणी प्यायल्या आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मला वाटले पगाराचा किंवा फंडाचा प्रश्न असेल. बायको आत गेली तेव्हा हळूच म्हणाल्या, "वकीलसाहेब, एक विचारायचं व्हतं. अठ्ठ्याऐंशी साली मी लेक देऊन टाकली. ती जित्ती हाय का, एवढंच मला कळंल का?"

१९८८ साली मावशी वीस वर्षांच्या होत्या. बांधकामावर डोक्यावर घमेली वाहायच्या. लग्न झालेले नव्हते. ज्याने शब्द दिला होता तो दिवस भरायच्या आधीच गाव सोडून गेला. शहरातल्या एका संस्थेत बाळंतपण झाले. अकराव्या दिवशी एका छापील कागदावर अंगठा घेतला. कागदावर काय लिहिले होते ते कोणी वाचून दाखवले नाही. "मुलगी चांगल्या घरी जाईल" एवढे सांगितले. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली, नवरा वारला. सदतीस-अडतीस वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मुलीला परत मागण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. ती आहे की नाही, एवढेच त्यांना हवे होते.

मी कायद्याची पुस्तके काढली. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवणे मला गरजेचे वाटते. कारण हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. ज्यांच्या घरात दारिद्र्य आहे आणि ज्यांच्या लेकीबाळींना समाज चटकन दोषी ठरवतो, त्या प्रत्येक वस्तीत अशी एखादी बाई मान खाली घालून बसलेली असते.

आपल्याला लागू असलेला दत्तकाचा जुना कायदा म्हणजे १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. नावात हिंदू असले तरी कलम २ नुसार तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्याच्या आधीच्या शास्त्राधारित कायद्यात दत्तक म्हणजे फक्त मुलगा, आणि तोही स्वजातीचा. पिंडदानाला आणि वंशाला वारस हवा म्हणून दत्तक. बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून जे हिंदू कोड बिल लढवले त्यात दत्तकाचा भाग होताच. ते बिल रोखले गेले आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचेच तुकडे करून चार कायदे झाले. त्यांतल्या दत्तक कायद्याने मुलीला दत्तक घेण्याची वाट मोकळी केली आणि स्वजातीची अट काढली. ही प्रगती मोठीच आहे.

परंतु याच कायद्याच्या कलम १२ ने एक रेघ ओढली. दत्तक झाल्या दिवसापासून मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले सर्व संबंध तुटले असे मानले जाते. विवाहाला निषिद्ध असलेली नाती तेवढी कायम राहतात. म्हणजे ज्या भावाशी लग्न करायला कायदा मनाई करतो, तो भाऊ कोण हे जाणून घेण्याची सोय मात्र हा कायदा करीत नाही! परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी तर हा कायदा वापरला जात नव्हता. त्यांना १८९० च्या इंग्रजकालीन पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयातून पालकत्वाचा हुकूम घेऊन नेत असत आणि दत्तकविधान त्या देशात होत असे.

या परदेशी दत्तकाच्या बाजाराबद्दल लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून न्या. पी. एन. भगवती यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये निकाल दिला. मान्यताप्राप्त संस्था, छाननी, मुलाचा अहवाल आणि आईला विचार करायला वेळ, हे सारे त्या निकालातून आले. जन्मदात्यांना दत्तक आईबाप कोण ते कळू नये, असे त्यात म्हटले होते. पण मूल जाणते झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती द्यायला गंभीर हरकत नसावी, हेही न्यायालयाने नोंदवले. फक्त तो निर्णय दत्तक आईबापांच्या मर्जीवर सोडला.

त्यानंतर जग पुढे गेले. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम ७ ने शक्य तेथवर आपले आईबाप जाणण्याचा हक्क मुलाला दिला. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. १९९३ च्या हेग कराराच्या कलम ३० ने मुलाच्या मूळची माहिती जपून ठेवण्याची आणि योग्य मार्गदर्शनाखाली ती त्याला पाहू देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. भारताने २००३ मध्ये हा करारही मान्य केला. आज २०१५ चा बाल न्याय कायदा आणि त्याखालील २०२२ ची दत्तक नियमावली लागू आहे. या नियमावलीत मुळांच्या शोधाचा स्वतंत्र नियम आहे. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, स्वतः अर्ज करू शकते. लहान असेल तर दत्तक आईबापांसह अर्ज करायचा. संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि राज्याची यंत्रणा यांनी तिला मदत केली पाहिजे. आईने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत दिले गेले एवढे तरी सांगितले पाहिजे. तिऱ्हाईताला शोध घेता येणार नाही. आणि मुलाच्या हक्काने आईच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये.

नियम वाईट नाही. पण तो पुन्हा पुन्हा वाचा. अर्ज करणारे मूल आहे, मदत करणारे शासन आहे, नकार देणारी आई आहे. विचारणारी आई मात्र कोठेच नाही! तिला कोणी विचारले तर ती हो किंवा नाही म्हणू शकते. तिने स्वतः विचारायचे म्हटले तर दार नाही. मावशींना घेऊन मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो तेव्हा तेथील अधिकारी बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "सर, नियम मुलासाठी आहे. आईचा अर्ज कोणत्या नियमाखाली घेऊ?" त्यांचा प्रश्न कायद्याने बरोबर होता.

१९८४ साली न्यायालयाला जी भीती वाटली ती लहान मुलाबद्दल होती. जन्मदाती येऊन उभी राहिली तर त्या लेकराचे नवे घर मोडेल, ही ती भीती. ती रास्त होती. पण मावशींची लेक आज चाळिशीच्या घरात आहे. ती आता लेकरू नाही. तिला नको असेल तर ती स्वतः नको म्हणू शकते. मग तिच्या वतीने कायद्याने कायमचे नको का म्हणावे?

येथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. २०११ साली युरोपात वाढलेली एक तरुणी आपल्या आईच्या शोधात आली होती. तिच्या कागदावर मराठवाड्यातील एका गावाचे नाव होते. आम्ही काही कार्यकर्त्यांनी उत्साहाच्या भरात जीप केली आणि थेट गावात गेलो. चावडीवर नाव विचारले. अर्ध्या तासात सारे गाव गोळा झाले. ती बाई दारात आली, मुलीकडे एकदा पाहिले आणि मला हात जोडून म्हणाली, "दादा, घरात सून हाय. तुमी कोन म्हनून आला?" मी काहीतरी खोटे सांगितले आणि आम्ही परतलो. मुलगी जीपमध्ये एक शब्द बोलली नाही. त्या बाईचे पुढे गावात काय झाले असेल याचा विचार आजही मला सतावतो. आम्ही मुलीचा हक्क पाहिला, आईची अब्रू पाहिली नाही. आणि त्यामुळे मुलीलाही आई मिळाली नाही. दोन दिवस आधी एखादी जाणती बाई एकटी जाऊन बोलली असती, तर कदाचित तालुक्याच्या गावी, कोणाला न कळता, दोघी भेटल्या असत्या.

म्हणून तिऱ्हाईताला बंदी हा नियम मला मान्य आहे. गावात कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांना तर अटकाव झालाच पाहिजे. पण परदेशात वाढलेल्या, मराठीचा गंध नसलेल्या माणसाने कोणाच्या मदतीशिवाय हे कसे करायचे? त्याने रीतसर मुखत्यारपत्र देऊन नेमलेला वकील किंवा कार्यकर्ता तिऱ्हाईत ठरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मदतनीस हवाच. तो शिकलेला, जबाबदार आणि तोंड बंद ठेवणारा हवा.

आपल्या चळवळीतील एका मित्राने मला वेगळाच सवाल केला. तो म्हणाला, "माणूस जन्माने थोर किंवा नीच ठरत नाही असे आपण मानतो. मग ही जन्माची मुळे शोधण्याची उठाठेव कशासाठी?" प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण जन्मावरून दर्जा ठरवणे वेगळे आणि आपला इतिहास विचारणे वेगळे. बाबासाहेबांनी जन्माधिष्ठित दर्जा नाकारला आणि त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते यावर आणि १९४८ मध्ये अस्पृश्य मूळचे कोण यावर ग्रंथ लिहिले. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला किंवा पुसला, त्यांना तो स्वतः शोधण्याचा हक्क आहे, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. 'टाकलेले मूल' असा शिक्का घेऊन वाढलेल्या माणसाला आपल्याला खरोखरच टाकले होते का, हे विचारता आले पाहिजे.

कारण पुष्कळदा टाकलेले नव्हतेच. चेन्नईत २००५ साली जे प्रकरण उघडकीस आले त्यात झोपडपट्ट्यांतून चोरलेली मुले खोट्या कागदांवर ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्ससारख्या देशांत दत्तक गेल्याचे निघाले. आंध्र प्रदेशात त्याच्या काही वर्षे आधी लंबाडा तांड्यांवरील मुलींच्या खरेदीचे प्रकरण गाजले. आपल्या पुण्यातही एका संस्थेच्या कारभाराची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सी.बी.आय.कडे दिली. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच आणि थुरगाऊ या प्रांतांनी १९७३ ते २००२ या काळातील भारतीय दत्तकांच्या फायली संशोधकांकडून तपासून घेतल्या. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नावच 'आई अज्ञात' अशा अर्थाचे आहे. तपासलेल्या फायलींत जन्मदात्या आईच्या संमतीचा कागद मिळाला नाही. तेथील सरकारने २०२५ च्या जानेवारीत परदेशी दत्तकच बंद करण्याचा मानस जाहीर केला. भारत सरकारने मात्र आपल्या बाजूच्या जुन्या नोंदवह्यांची अशी झाडाझडती घेतलेली नाही.

आता कोणी म्हणेल, मुले आणि आया पुन्हा भेटू लागल्या तर दत्तक घेतलेल्यांचे काय? मालमत्तेचे तंटे सुरू होतील! ही भीती निराधार आहे. १९५६ च्या कायद्याचे कलम १५ सांगते की एकदा वैध झालेले दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही. आईबापांना नाही आणि मुलालाही नाही. आई भेटली म्हणून दत्तक घराचा वारसा जात नाही आणि जन्मघराचा वारसा नव्याने मिळत नाही. ज्या आईबापांनी रात्री जागून मूल वाढवले त्यांचे आईबापपण एका भेटीने कमी होत नाही. भेटीने फक्त प्रश्नाला उत्तर मिळते.

हे अशक्य नाही. इंग्लंडने १९७५ च्या कायद्याने सज्ञान दत्तक व्यक्तीला आपला मूळ जन्मदाखला मिळवण्याचा हक्क दिला. ज्यांचे दत्तक त्या कायद्याच्या आधीचे होते त्यांना दाखला देण्यापूर्वी समुपदेशकाला भेटणे बंधनकारक केले, कारण त्यांच्या आयांना गुप्ततेचा भरवसा दिलेला होता. १९९१ मध्ये तेथे संपर्क नोंदवही सुरू झाली. मुलाने आपले नाव घालावे, नातेवाइकाने आपले घालावे, जुळले तर कळवावे. २००५ च्या अखेरीस जन्मदात्या नातेवाइकांनाही मध्यस्थ संस्थेकडे जाता येऊ लागले. मध्यस्थ सज्ञान मुलाला शोधतो आणि त्याने होकार दिला तरच त्याचा पत्ता सांगतो. तेथे आईला दार आहे, मुलाला नकाराचा हक्क आहे आणि दोघांमध्ये एक जबाबदार माणूस उभा आहे. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकत्र का असू नयेत?

माझ्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात गोपनीय संपर्क नोंदवही असावी आणि तिच्यात जन्मदाती आई, बाप, भावंडे यांनाही नाव नोंदवता यावे. दोन्ही बाजूंचा होकार असेल तरच ओळख उघड करावी. प्रत्येक जिल्ह्यात या कामासाठी तयार केलेला समुपदेशक असावा, त्याला वस्तीची भाषा यावी. बंद पडलेल्या संस्थांच्या नोंदवह्या शासनाने ताब्यात घ्याव्यात. जुन्या पालकत्व अर्जांच्या न्यायालयीन फायली नष्ट करू नयेत, कारण कित्येक मुलांच्या जन्माचा एकमेव पुरावा त्याच आहेत. परदेशात आता थुंकीच्या तपासणीवरून दूरचे नातेवाईक सापडतात. पण त्या कंपन्यांच्या यादीत पैसे भरून तपासणी करणाऱ्यांची नावे असतात, झाडू मारणाऱ्या मावशीचे नसते. गरीब आईसाठी तो जुना कागदच सर्व काही आहे.

कायदा बदलेपर्यंत काय करायचे? मावशींसाठी आम्ही जे केले ते कोणालाही करता येईल. त्यांच्या नावाने एक साधा अर्ज लिहिला. त्यात बाळंतपणाची तारीख, संस्थेचे ठिकाण, त्या वेळचे माहेरचे नाव, आजचा पत्ता आणि विश्वासातल्या एका माणसाचा फोन लिहिला. खाली एक वाक्य टाकले: 'माझी मुलगी कधी विचारीत आली तर माझे नाव व पत्ता तिला देण्यास माझी संमती आहे.' या वाक्याचे कायदेशीर मोल मोठे आहे. मुलाच्या शोधात सर्वांत मोठी अडचण आईच्या संमतीची असते. ती संमती आधीच फाइलमध्ये असेल तर कोणालाही गावात जीप घेऊन जावे लागत नाही. अर्जाच्या प्रती संस्थेला, जिल्हा कक्षाला आणि 'कारा'ला पाठवल्या. अधिकारी बाईंनी नियम सापडत नसतानाही आवक शिक्का मारून पोच दिली, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

दुसरी गोष्ट आज बाळंत होणाऱ्या मुलींसाठी. कोणतीही आया, दलाल किंवा दवाखाना 'परस्पर चांगल्या घरी देतो' म्हणाला तर ऐकू नका. तो गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याचे कलम ८१ मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंतची सक्तमजुरी सांगते. मूल वाढवणे खरोखरच अशक्य असेल तर बाल कल्याण समितीपुढे जा. तेथे दस्त करून मूल सोपवल्यावरही कलम ३५ नुसार फेरविचाराला दोन महिने मिळतात. कागद वाचून घ्या, नसेल येत तर वाचून मागा. रीतसर नोंद झाली तर उद्या त्या मुलाला आईपर्यंत येण्याची वाट राहते. परस्पर दिलेल्या मुलाला ती वाटही राहत नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. एखादी बाई अशी गोष्ट सांगायला आली तर तिला 'तू दिलेच कसे?' असे विचारू नका. ज्या समाजाने तिला काम दिले नाही, आसरा दिला नाही आणि त्या पुरुषाला जाब विचारला नाही, त्या समाजाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. वकील बांधवांनी असे अर्ज फी न घेता लिहून द्यावेत. महिला मंडळांतील जाणत्या भगिनींनी मध्यस्थाचे काम शिकून घ्यावे. आणि ऐकलेली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये.

मावशींच्या अर्जाला अजून उत्तर आलेले नाही. कदाचित येणारही नाही. त्या अर्जावर अंगठा देताना त्यांनी माझा हात थांबवला आणि म्हणाल्या, "आधी वाचा, वकीलसाहेब. त्या टायमाला कुनी वाचलं न्हवतं." मी सबंध अर्ज दोनदा वाचून दाखवला. मग त्यांनी अंगठा दिला. पोचपावतीची प्रत त्यांनी बँकेच्या पासबुकात ठेवली आहे.

जयभीम!